पायरीवरचे तीन तास

साडेअकराला आमच्या सोसायटीखालच्या बालवाडीचं फाटक करकरत उघडतं आणि डब्यातल्या गूळपोळीचा, घामेजलेल्या इवल्या मोज्यांचा मिसळलेला वास जिन्यातून वर येतो. गॅलरीत बसल्या बसल्या माझी नजर फाटकाजवळच्या पायरीकडे जाते. आठ वर्षांपूर्वी तिथे एक बाई बसत असे.

नात तेव्हा साडेतीन वर्षांची. मुलगा चाकणला कंपनीत, सून ऑफिसात. दोघं सकाळीच बाहेर पडत. माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरणारे. म्हणून नातीला सांभाळायला मावशी ठेवल्या होत्या. त्यांचं माहेर निघोजचं, सासर इथलंच, पिंपळे गुरवचं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, महिन्याचा ठरलेला पगार. नात बालवाडीत जाऊ लागली आणि माझ्यातला जुना टाइमकीपर जागा झाला. उभ्या हयातीत मी कामगारांच्या हजेरीतली मिनिटं कापली होती. मावशींना म्हणालो, "तीन तास पोरगी शाळेत असते. त्या वेळेचे पैसे कसले?"

"काका, तेवढ्यात दुसरं काम कुठं धरू? न्यायला-आणायला मीच हाय न्हवं?" त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत पंच मारायची सोय व्हती. पोरीच्या रडण्याला कुठनं पंच मारू?"

मी हसलो नाही. पगार कापला. ते तीन तास मावशी त्या पायरीवर बसलेल्या मला वरून दिसत, आणि मी मनाशी म्हणे, बघा, रिकाम्याच तर आहेत. दिवाळीची सुट्टी आली, मग मे महिन्याची. नात पुन्हा दिवसभर त्यांच्या कडेवर. तेव्हा मात्र मी म्हणालो, "ठरलंय तेवढंच." जूनमध्ये त्यांनी पुन्हा विषय काढला. "जमत नसेल तर राहू द्या," मी म्हणालो. त्या गेल्या. घरी मी सांगितलं, मावशी न सांगताच काम सोडून गेल्या. नात कित्येक दिवस चपला हातात घेऊन दाराशी बसायची.

पुढे बालवाडीच्या बाईंनी सहज विचारलं, "मावशी येत नाहीत का आता? खिडकीतून त्या दिसल्या नाहीत की हिचं रडणं थांबत नाही." हे ऐकूनही मी घरी तोंड उघडलं नाही.

नात आता सहावीत आहे. परवा तिनं विचारलं, "आजोबा, मावशी मला न सांगता का गेली?" नेहमीचं खोटं जिभेवर तयार होतं. पण या वेळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी खिडकीतून दिसायची. मला वाटायचं, प्रत्येक शाळेला अशी एक मावशी असतेच."

मावशी आता चऱ्होलीला राहतात म्हणे. नात म्हणते, रविवारी जाऊ या. मी कापलेल्या पगाराचं पाकीट भरलं, रिकामं केलं, पुन्हा भरलं. त्यांच्यापुढे बोलायचं पहिलं वाक्य काही जुळत नाही. काल सकाळी काठी टेकत खाली उतरलो आणि त्या पायरीवर जाऊन बसलो. दहाच्या सुमारास तिथे ऊन थेट तोंडावर येतं. हे वरच्या गॅलरीतून कधी कळलं नव्हतं. अर्ध्या तासात मी उठलो.