वसंताच्या नावाचा खोका

माझ्या मेहुण्याचं लग्न दारूपायी मोडलं. त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मी उभा आहे, आणि तीसेक वर्षं झाली तरी बाजूला झालेलो नाही. आता वय शहात्तर. गुडघे दुखतात. बसून सांगतो.

तेव्हा आम्ही शारजात राहत होतो. नोकरी दुबईत, पण तिथलं भाडं परवडत नसे. म्हणून शारजात झोपायचं आणि उरलेलं आयुष्य दोन्हींच्या मधल्या ट्रॅफिकमध्ये काढायचं. शारजात दारू पूर्ण बंद. मला तिचं व्यसन नव्हतं, मला छंद नव्हता, ही खरी अडचण. ऑफिसातला पीटर नावाचा इंग्रज इंजिनियर घरी बियर बनवायचा आणि शुक्रवारची सुट्टी संपली की तिच्याविषयी असा बोलायचा, जशी आमच्याकडची माणसं जावयाविषयी बोलतात. (तो दुबईत राहायचा आणि त्याच्याकडे कसलासा परवाना होता. हे दोन तपशील मी कानाआड केले.)

बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, बिनदारूचं बार्ली पेय, साखर आणि पावाचं यीस्ट आणलं. पाण्याच्या मोठ्या कॅनमध्ये सगळं एकत्र केलं आणि कॅन बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे लपवला. तिसऱ्या दिवशी निर्मला, म्हणजे आमची ही, नाक वर करून उभी.

"अहो, हा आंबूस वास कसला?"

"इडलीचं पीठ असेल."

"मी भिजवलंच नाही."

"मग शेजारच्यांचं."

(शेजारी पेशावरचे पठाण होते.)

पीटर म्हणाला होता, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत बाटल्यांत भरायची नाही, निदान दोन आठवडे धीर धर. मी पाच दिवस धरला. निर्मलाने मशीन हलवून मागची फरशी धुवायचं ठरवलं होतं, आणि तिचं ठरलं की ते ठरलं. भरल्या घाईने नऊ बाटल्या, बुचं ठोकून बसवली. आता ठेवायच्या कुठे?

गल्फमधल्या प्रत्येक मराठी घरात तेव्हा एक खोका वर्षभर भरत असे. साबण, पावडरचे डबे, टॉर्च, दूध पावडर, आणि एक जाडजूड ब्लँकेट, जे कोकणात कुणाला कधीच लागत नाही. भरला की दोरीने करकचून बांधायचा, वर मार्करने जाणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि तो इंडियाला जाईपर्यंत चादर टाकून टीपॉय म्हणून वापरायचा. बांधलेला खोका कुणी उघडत नाही, हा अलिखित कायदा. आमच्या हॉलमधल्या खोक्यावर नाव होतं वसंताचं.

वसंता म्हणजे निर्मलाचा धाकटा भाऊ. मीच बोलावून घेतला होता, एका साइटवर स्टोअर सांभाळायचा आणि आमच्या हॉलमध्ये झोपायचा. वय एकतीस. सुपारीचं खांडसुद्धा खात नसे. चिपळूणची एक मुलगी त्याला सांगून आली होती, मालती. तिचा फोटो पाकिटात ठेवून तो दिवसातून चार वेळा सुट्टे पैसे शोधायचा. सुट्टे कुणी मागितलेले नसायचे.

मी दोरीची गाठ सोडली, नऊ बाटल्या त्या ब्लँकेटमध्ये गुंडाळल्या आणि तशीच गाठ पुन्हा मारली. अर्धवट आंबलेल्या बियरला जूनच्या महिन्यात शारजात ब्लँकेट पांघरणारा माणूस जगात मी एकटाच असेन. पीटरला हे पुढे सांगितलं तेव्हा त्याने आपली खुर्ची माझ्यापासून जरा लांब सरकवली.

त्या शुक्रवारी मालतीचे मामा वसंताला बघायला आले. ते अबूधाबीजवळ मुसफ्फाला एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते, पहाटेच निघाले होते. शब्द मोजून बोलणारा माणूस. पोहे झाले, चहा आला. निर्मलाने कप मामांच्या पुढ्यात, खोक्यावर ठेवला.

"पगार कमी असला तरी चालेल," मामा म्हणाले. "घर नसलं तरी चालेल. माझा भाऊ दारूने गेला. त्याची पोरं मी वाढवली. तेवढं एक आमच्याकडे चालणार नाही."

"वसंता?" मी म्हणालो. "मामा, वसंता तर सोडावॉटरला घाबरतो."

सगळे हसले. मामासुद्धा. वसंता लाजून खाली बघत होता. मालतीच्या आणि त्याच्यामध्ये आता फक्त तो चहाचा कप उरला होता.

तो कप उडाला. आधी खोक्यातून 'ठप्प' असा आवाज आला, मग लागोपाठ तीन-चार, आणि चादरीसकट खोका जागच्या जागी हलला, आत कुणी कोंडलेलं असावं तसा. खालच्या कडेने फेस यायला लागला.

आमची आठ वर्षांची मुलगी आतल्या दारात येऊन म्हणाली, "मम्मी, इज इट अ बॉम्ब?"

पठाण धावत आला, वॉचमन आला. निर्मलाने दार बोटभर उघडून सांगितलं, "कुछ नहीं भाई, कुकर फटा." दार लावलं आणि वळून त्या फेसाकडे बघत राहिली.

मामांनी चादर बाजूला केली. बोट ओलं करून नाकाशी नेलं. मग खोक्यावरचं नाव वाचलं, अगदी सावकाश, शाळेतल्या मुलासारखं.

त्या क्षणी मी एक वाक्य बोललो. ते गेल्या वर्षापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "वसंता, हे काय आणलंस घरात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बहिणीकडे, मग दारातल्या भाचीकडे. त्या दोघींचे व्हिसा माझ्या नोकरीवर होते. बाहेर वॉचमन अजून घुटमळत होता.

"चूक झाली, भावोजी," वसंता म्हणाला.

मामा चपला घालून निघून गेले. माझ्यावर रागावले नाहीत. उलट जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, तुमच्यासारख्या माणसाच्या घरात असं व्हावं."

वसंताने मालतीचा फोटो रजिस्टर पोस्टाने परत पाठवला. महिन्याभरात रुवैसला नोकरी धरली, तिकडच्या रिफायनरीत. लग्न केलं नाही, म्हणजे कुणी दिलीच नाही. कोकणात असली बातमी विमानापेक्षा लवकर पोहोचते. सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. शेवटच्या दुखण्यात त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "जावईबापू, वसंताकडे लक्ष ठेवा. त्याला सवय आहे." मी म्हणालो, "हो."

गेल्या वर्षी वसंता साठ वर्षांचा झाला. चिपळूणला सगळे जमले होते. मी ठरवूनच गेलो होतो. केक कापला, आणि मी उठून सगळं सांगितलं. कॅन, यीस्ट, ब्लँकेट, ते वाक्य. बोलताना रडलो.

मग वसंताच्या पुतण्याने चष्मा काढून डोळे पुसले. "काका, या वयात मेहुण्याचा डाग स्वतःच्या अंगावर घेताय तुम्ही. कोण करतं हो हे?"

"अरे, खरंच मी केली होती बियर."

"अहो, बसा," निर्मला म्हणाली. "तुम्हाला साधा चहा करता येत नाही."

मी घायकुतीला आलो. "वसंता, तू तरी सांग यांना."

वसंता केकचा तुकडा संपवत होता. तो शांतपणे म्हणाला, "माझं कोण ऐकणार, भावोजी? बेवड्याचं?" आणि सगळे हसले. तो हसला नाही.

मग पुतण्या उठून माझ्या पाया पडला. त्याच्यामागे त्याची बायको, मग पोरं, मग शेजारचेही दोघे. मी "नको, नको" म्हणायला हवं होतं. पहिल्याला म्हणालोही. तिसऱ्याला "सुखी राहा" म्हणालो. आणि पाचव्याला फार वाकावं लागू नये, म्हणून पाय जरा पुढे केले.