नलूताईंचं गाजलेलं वाक्य

चहा कसा झालाय, असं नलूताईंना विचारायची सोय नव्हती. "हा कप चांगला आहे," असं म्हणून त्या जरा थांबायच्या आणि मग म्हणायच्या, "किटलीचं मला माहीत नाही." माझ्या सासूबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या बिचाऱ्या आत जाऊन किटलीचं झाकण उघडून बघून आल्या. यंदा हापूस कसा आहे विचारावं, तर "काल आपण कापला तो गोड होता." पाऊस थांबला का, तर "अंगणात थांबलाय." आमच्या रत्नागिरीत माणसं एक आंबा चोखून अख्ख्या मोसमाचा निकाल लावतात. तिथे असं तोलून बोलणारी बाई विक्षिप्तच ठरणार. पण त्या जन्मापासून अशा नव्हत्या. ऐन तरुणपणी लिहिलेल्या एका वाक्याने त्यांना पोळलं होतं.

मी त्यांना भेटले तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतीच चिकटले होते. स्वतःला मी फार वाचलेली समजायचे. वाचलेलं काय, तर काउंटरखाली धरून कादंबऱ्या. नलूताई प्राणिशास्त्र शिकवायच्या, नुकत्याच डॉक्टरेट झालेल्या. खाडीकाठच्या मच्छीमार घरातल्या त्या, आणि त्या घरातून कॉलेजात गेलेल्या पहिल्याच. त्यांची भावजय, शेवंतीवहिनी, खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून बाजारात विकायच्या. नलूताई त्याच खाडीत त्याच तिसऱ्यांवर संशोधन करायच्या. "वहिनी विकते, मी मोजते," त्या म्हणायच्या. "घर तिच्या तिसऱ्यांवर चालतं, माझ्या नव्हे."

खाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नावाने हाक मारावी असं तिच्यात आता काही उरलेलं नाही.

एकदा संशोधन म्हणजे काय ते बघायचं म्हणून मी हट्टाने त्यांच्याबरोबर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरले. नवी कोरी साडी, केसात अबोली, पायात उंच टाचा. एवढ्या मोठ्या कामाला जायचं तर कुणीतरी फोटो काढेल, अशी माझी समजूत. चार पावलांत उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय वर आला, चप्पल आली नाही. शेवंतीवहिनी कमरेवर टोपली घेऊन हसत उभ्या. "अगो मंदे, चपला पेरतेस काय? उगवायच्या नायत हं त्या!" नलूताईंनी मात्र गंभीरपणे त्या भोकात कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं आणि जाहीर केलं, "तिसऱ्या आहेत. चप्पल नाही." मी एका पायावर घरी आले आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत होते की मी संशोधनात भाग घेतला.

त्यांचं काम दिसायला साधं होतं. चिखलावर लाकडी चौकट ठेवायची, चौकटीतला चिखल चाळणीत धुवायचा, वर उरतील त्या तिसऱ्या मोजायच्या. खाडीच्या तोंडाशी एके जागी कुणी ठेकेदाराने रेती उपसून नेली होती, आणि तिथल्या तिसऱ्या पार गेल्या होत्या. नलूताई दर उधाणाच्या सुकतीला तिथे जाऊन चाळत राहिल्या. दोन वर्षांनी तिसऱ्या परत आल्या! पहिल्या मूठभर तिसऱ्या ओंजळीत घेऊन त्या थेट ग्रंथालयात आल्या होत्या. माझ्या टेबलावर चिखलाचं तळं झालं आणि दोघी लहान मुलींसारख्या हसलो.

त्यावर त्यांनी इंग्रजीत निबंध लिहिला. शेवटी लिहिलं होतं, या एका जागी तरी तिसऱ्या परतल्यासारख्या दिसतात. त्यांच्या मार्गदर्शक सरांनी तो वाचला आणि पेन काढलं. "'या एका' काय, 'दिसतात' काय? डॉक्टर झालात ना? चाचरता कशाला?" सरांनी वाक्य ताठ केलं. रेती उपसलेल्या खाडीत तिसऱ्यांची वस्ती दोन वर्षांत पूर्ववत होते. बस्स. नलूताईंनी ते तसंच परदेशी नियतकालिकाकडे धाडलं. पुढे कधी मी सरांना नावं ठेवली की त्या म्हणायच्या, "पेन सरांचं. सही माझी."

निबंध छापून आला आणि ग्रंथालयात पोस्टकार्डं यायला लागली. तेव्हा कुणाला निबंध हवा असेल तर छापील कार्ड पाठवून प्रत मागवायची पद्धत होती. नॉर्वेचं कार्ड, जपानचं कार्ड! तिकिटं मी बिनदिक्कत सोलून घ्यायचे. मग दुसऱ्यांच्या निबंधांत त्यांच्या निबंधाचा संदर्भ दिसू लागला. कुणी संदर्भ दिला म्हणजे तिकडे भर सभेत उभं राहून नलूताईंचं नाव घेतलं आणि टाळ्या पडल्या, असं माझ्या डोळ्यांपुढे चित्र. पहिल्या संदर्भाला मी पेढे वाटले. शेवंतीवहिनींनाही नेऊन दिले. "नलूचा शब्द परदेशात मानतात म्हणे," असं त्या बाजारात गिऱ्हाइकांना सांगू लागल्या.

नलूताई मात्र चाळणी घेऊन जातच राहिल्या. रेती उपसलेल्या दुसऱ्या जागी, मग तिसरीकडे. तिथे तिसऱ्या आल्या नाहीत. वर्षामागून वर्षं गेली, तरी नाही. पहिली जागा नशिबाची होती. वरच्या अंगाला तिसऱ्यांची एक मोठी वस्ती शाबूत होती, आणि त्या दोन वर्षांत तिचं बी प्रवाहाबरोबर खाली आलं. हे कळायला त्यांना केस पांढरे होईपर्यंत चिखलात उभं राहावं लागलं. कळलं तेव्हा त्यांनी लगेच दुसरा निबंध लिहिला. त्यात स्वच्छ म्हटलं, माझं पहिलं वाक्य चूक आहे, ते कुणी धरून चालू नये.

त्यावर एकही कार्ड आलं नाही. मी आपली म्हणत होते, "अहो, पोस्टात संप असेल." त्यांनी मान हलवली. "मंदे, आनंदाची बातमी सगळे मागवून घेतात."

पुढे कॉम्प्युटर आले आणि कुणाचा संदर्भ किती जणांनी दिला ते घरबसल्या दिसू लागलं. पहिल्या निबंधाचा आकडा चढत होता. त्याच्यावर त्यांना बढती मिळाली, शाल मिळाली. पण संदर्भ कोण देत होतं? बंदरवाले, जेटीवाले, रेतीवाले, आणि त्यांना अहवाल लिहून देणारे. नलूताईंनी नियतकालिकाला कळवलं, माझा पहिला निबंध मागे घ्या. उत्तर सभ्य होतं. निबंधात लबाडी आढळल्यास तो मागे घेतला जातो. आपल्या निबंधात लबाडी नाही. "बघ," त्या मला म्हणाल्या, "खोटं लिहिलं असतं तर पुसता आलं असतं. प्रामाणिकपणे चुकले, आता ते राहणार."

आणि मग एक दिवस ते वाक्य घरी परत आलं. आमच्याच खाडीत बार्जसाठी जेटी व्हायची होती, आणि त्यासाठी वरच्या अंगाची ती मोठी वस्ती, शेवंतीवहिनींचं रोजचं शेत, उपसायची होती. अहवालात लिहिलं होतं, तिसऱ्या दोन वर्षांत पूर्ववत होतील. खाली संदर्भ नलूताईंचा.

जनसुनावणीला नलूताई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. हॉल भरलेला. शेवंतीवहिनी नव्हत्या, त्या वेळेला सुकती होती, त्या खाडीत होत्या. नलूताई उठल्या. "तुमच्या अहवालातलं तिसऱ्यांबद्दलचं वाक्य चुकीचं आहे."

अहवालवाला तरुण अदबीने म्हणाला, "मॅडम, ते फार मान्यवर संशोधन आहे. जगभर संदर्भ दिला जातो."

"माहीत आहे. ते मी लिहिलंय."

हॉलमध्ये हशा पिकला. तरुणाने खरोखर हात जोडले. "मग आमचं भाग्यच! मॅडम, तुमचा नंतरचा निबंधही आम्ही पाहिला. पण त्याला दोनच संदर्भ आहेत. दोन्ही तुमचेच."

अध्यक्षस्थानी बसलेले साहेब हसू दाबत म्हणाले, "मग ताई, आम्ही कुठल्या नलूताईंचं ऐकायचं?"

"जी जास्त वर्षं चिखलात उभी होती तिचं."

मी ताडकन उठून टाळ्या वाजवल्या. एकटीने. पन्नाशी उलटली होती माझी, तरी अक्कल काउंटरखालच्या कादंबरीतलीच. आपण जिंकलो असं समजून येताना मी त्यांना सोलकढी पाजली. त्या वाटी हातात धरून म्हणाल्या, "आज सुनावणी झाली. एवढंच झालंय." आक्षेप नोंदवला गेला, आणि पावसाळा सरल्यावर खाडी उपसणारा ड्रेजर आला. घरी वहिनींना त्यांनी इतकंच सांगितलं, "आपलं ऐकलं नाही." कुणाचं ऐकलं, ते सांगायला त्यांची जीभ उचलली नाही.

वहिनी बर्फातली बाहेरची मासळी विकू लागल्या. तेही फार दिवस जमलं नाही. नलूताई मात्र सुकतीला जायच्या, मी रबरी चपला घालून मागे. त्या चाळणी धुवायच्या, वाकून बघायच्या, म्हणायच्या, "आज नाही." दोन वर्षं झाली, उलटली, आणखी गेली. "आज नाही." एकदा माझा धीर सुटला. "अहो, एकदाचं म्हणा की संपल्या म्हणून!" त्यांनी चाळणी पालथी घातली, पाण्याने खळाळून घेतली, काखेत मारली. "संपल्या गो," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या खाडीत उतरल्या नाहीत.

तेही त्यांनी लिहून पाठवलं. निबंध परत आला. शेरा होता, एकाच खाडीवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. तो वाचून त्या इतक्या हसल्या की मला पाणी आणून द्यावं लागलं. "तेव्हा कुठे होता रे बाबांनो?" असं म्हणत डोळे पुसत राहिल्या. डोळ्यांतल्या त्या पाण्यात हसण्याचं किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

गेल्या थंडीत त्या गेल्या. कॉलेजने शोकसभा ठेवली. आताचे प्राचार्य तरुण आहेत, मनापासून बोलले. त्यांनी पडद्यावर आकडा दाखवला. आपल्या मातीतल्या एका बाईंच्या पहिल्याच निबंधाला जगाने इतका मान दिला आणि अजून देत आहे, महिन्या-दोन महिन्यांनी आकडा वाढतोच, असं ते म्हणाले. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या.

शेवंतीवहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना आता कमी ऐकू येतं. त्यांनी माझं मनगट ओढलं. "काय सांगतो गो तो?"

"सांगतो, नलूताईंचा शब्द जगभर चालतो," मी त्यांच्या कानाशी ओरडले. "कुठे खाडी उपसायची झाली की आधी त्यांचं नाव काढतात."

वहिनींनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "आपली उपसली तेव्हा नाय काढलंनी?"

आयुष्यभर मी नको तिथे बडबडले. त्या दिवशी मी पडद्याकडे पाहिलं, वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही काढलं, वहिनी."

"वाटलंच माका," त्या म्हणाल्या. "काढलं असतं तर वाचली असती गो खाडी." आणि पदर सावरून, सगळ्यांच्या थांबल्यावरही, त्या टाळ्या वाजवत राहिल्या.