उशिरा आलेल्या बसची तक्रार

...तर काल आपण थैलीपाशी थांबलो होतो. आमचा बस ड्रायव्हर शहरातून टपालाची थैली आणतो आणि पोस्टमास्तर ती सही करून ताब्यात घेतो, इथवर सांगून झालं होतं. खरी गंमत पुढंच आहे. हे दोघं एकच!

सकाळी सातला खाकी शर्ट घालून हा बस नेतो, साडेदहाला परत आणतो. मग पांढरा शर्ट चढवून पोस्ट उघडतो आणि दुपारी दोनला बाह्या सारून पाण्याच्या पंपावर जातो. शिवाय रविवारी घराच्या पायरीवर बसून लहान मुलांचे केस कापतो. मोठ्यांचे नाही, मोठी माणसं नावं ठेवतात. म्हणून ते अर्धं काम, आणि म्हणून याचं नाव साडेतीन. आईबापांनी ठेवलेलं नाव आता बायकोलाही आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

हौसेनं असं कुणी करत नाही. दिवसाला बसची एक फेरी, पोस्ट तीन तास, पंप दोन तास. एकेका कामावर कुणाचं पोट भरणार? आधीचा ड्रायव्हर गेला, मागोमाग मास्तर गेला, पंपवाला तर सांगूनही गेला नाही. यानं तिन्ही कामं गोळा केली तेव्हा कुठं गावात बस, पोस्ट आणि नळाला पाणी राहिलं.

पण एका शर्टात दुसरं काम करायचं नाही, हा गड्याचा कटाक्ष. एकदा बसमध्येच मी त्याच्यापुढं पत्र धरलं.

"आबा, पोस्टात टाका," तो मला म्हणाला.

"अरे, पोस्टात तरी तूच ना?"

"पोस्ट साडेदहाला उघडतं, आबा."

थैलीचंही तेच. पोचवहीत 'देणार' म्हणून ड्रायव्हरची तिरकी सही, 'घेणार' म्हणून मास्तरची सरळ. मधे कुणी नाही, तरी थैली या हातातून त्या हातात घ्यायची.

मागच्या महिन्यात पहाटे पंपाचा पट्टा तुटला. लोक हाका मारत दारात आले. नवा पट्टा बसवण्यात बस सुटायला उशीर झाला आणि थैली वीस मिनिटं उशिरा पोचली. पंधरा मिनिटांवर उशीर झाला की मास्तरानं वर कळवायचं, असा नियम. पठ्ठ्यानं कळवलं! कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चालकास विचारले. पंपावर अडकलो म्हणतो. खुलासा समाधानकारक नाही.'

त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, स्वतःचीच चुगली करणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय मी!"

"चुगली नाही, अहवाल," हा म्हणाला आणि पाकीट चिकटवलं.

वरच्या ऑफिसात कुणाला काय ठाऊक? चौकशीला एक साहेब निघाले, तेही याच बसनं. माझ्याशेजारी बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "या ड्रायव्हरची तक्रार आहे. टपालाचा ठेका आजच काढून घेतो."

आमची बस चालते ती त्या ठेक्यावर. आम्ही चार टाळकी बसतो, त्यात डिझेलही निघत नाही. ठेका गेला की बस बंद. समोरच्या आरशात साडेतीनचे डोळे दिसत होते.

गाव आलं. साहेब पोस्टाच्या बंद दारापुढं घड्याळ बघत उभे राहिले. हा बसमागं जाऊन शर्ट बदलून आला, कुलूप काढलं. "नमस्कार साहेब. बसा. थैली आली का बघतो." पुन्हा बसकडं गेला, थैली आणली, दोन सह्या केल्या.

साहेबांनी सह्या बघितल्या, मग त्याचं तोंड बघितलं. "अहो, आत्ता बस तुम्हीच..."

"तो ड्रायव्हर, साहेब."

मी बाकावर बसून हसू दाबत होतो. साहेब माणूस बरा. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग गंभीर झाले. "हे बघा, तक्रार नोंदली गेलीय. तुम्ही लेखी मागे घेतलीत, तर मी कागद फायलीला लावून मोकळा. नाहीतर ठेका रद्द करावा लागेल, माझा नाइलाज आहे." आणि कोरा कागद पुढं सरकवला.

बायको दारातून म्हणाली, "घ्या हो मागे! एक ओळ तर लिहायचीय."

"लिही बाबा," मीही म्हटलं.

त्यानं पेन उघडलं. मग टोपण परत लावलं आणि साहेबांना म्हणाला,

"मागे कशी घेऊ, साहेब? बस उशिरा आली होती, हे खरंच आहे. ड्रायव्हरला माझ्यादेखत चांगला दम भरा, पण ठेका काढू नका. ड्रायव्हर गेला तर पंपवालाही निघून जाईल, आणि मग मी एकटा इथं राहून पत्रं वाटू कुणाला?"