वनिताताईंना आणायला टोकावड्यापर्यंत

आसनगावला उतरले तेव्हा माहुलीचे सुळके अजून धुक्यात होते. हिवाळा होता, भाताची कापणी उरकली होती. शहरातल्या वस्त्यांमधल्या माणसांनी आपलं नाटक स्वतः लिहावं, स्वतः उभं करावं, यासाठी आमची लहानशी संस्था धडपडायची. त्यातलं सगळ्यात जमलेलं पथक रुळांपलीकडच्या वस्तीतलं. पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून ती वस्ती पाडली आणि पथक गावोगाव पांगलं. त्यांना पुन्हा गोळा करायला मी निघाले होते.

ढोलकीवाले काशिनाथमामा एका गोदामाच्या फाटकावर खाकी कपड्यांत भेटले.

"ढोलकी कुठंय, मामा?"

"घर पाडलं तवा आतच राह्यली."

"नवी घेऊ आपण."

ते हसले नाहीत. "डूटी सोडून कसा येऊ? तुमी वनिताला विचारा. ती उभी राह्यली तर आमी सगळे येऊ."

एवढ्यावर, पथक सांभाळणाऱ्या वनिताताईंच्या सासरी टोकावड्याला जायला मी उत्साहाने शहापूर गाठलं आणि मुरबाडची एसटी धरली. किन्हवलीच्या पुढे ती बंद पडली. आम्ही सगळे उतरून बांधावर बसलो. खाचरांत (भाताच्या शेतांत) नुसती धसकटं उरली होती, आणि त्यात गुरं चरत होती. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "कोनाकडं जातेस गो?"

"टोकावड्याला. नाटक करणाऱ्या एक बाई आहेत."

"आमच्याकडं बोहाडा व्हायचा," ती म्हणाली. बोहाडा म्हणजे मुखवटे घालून नाचण्याचा उत्सव. "आता सोंगं घ्यायला कोन नाय. समदी कंपनीत जातात."

दुसरी गाडी आली. मुरबाडला बदलून टोकावड्याला पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं.

वनिताताई अंगणात वाल निवडत होत्या. मला बघून उठल्या. "जय भीम, ताई! आधी जेवा." तांदळाची भाकरी, सुकट (वाळवलेली बारीक कोलंबी) आणि कांदा. पाच मिनिटांत परवानगी मिळवणारी, मांडवाला बांबू आणणारी, रुसलेल्या नटांना समजावणारी ही बाई. पण घरात तिच्या नाटकाचा मागमूस नव्हता. त्यांची जाऊ मला विचारत होती, की मी शहरात त्यांच्या शेजारी राहायचे का.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. शहरातलं मोठं नाट्यगृह मिळतंय, तालमीला जागा आहे, सगळ्यांच्या येण्याजाण्याची सोय करू.

त्यांनी वाल पुन्हा पुढ्यात ओढले.

"ताई, शेवटच्या प्रयोगाला मोठी माणसं आली होती, आठवतं? मीच गेले होते बोलवायला. खुर्च्यांवर बसवलं, हार घातले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बोलले, बाई, तुमची वस्ती म्हणजे शहराची शान. पावसाआधी मशीन आली. मी धावत गेले त्यांच्याकडं. भेटले पन नायत."

"म्हणूनच पुन्हा करायचं ना? त्यांना दाखवायचं."

"काय दाखवायचं? सुशीला ताडपत्रीखाली तापानं गेली. तिचं काम दुसरीला देऊ?"

सुशीला नाटकातली सासू व्हायची. ती गेल्याचं मला ठाऊक नव्हतं.

"आनि बघनार कोन?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमी वस्तीसाठी करायचो. तुमच्या नाट्यगृहात तुमची मानसं येतील."

"निदान लिहिलेलं नाटक तरी वापरू का?"

"न्या. मला काय करायचंय त्याचं?"

त्या मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. माळशेजकडून येणारी गाडी दिसली तेव्हा माझ्या पिशवीत वाल ओतले आणि म्हणाल्या, "रागावू नका." गाडी सुटली, तेव्हा त्या घराकडे वळल्याही होत्या.

शहरात परतल्यावर आम्ही ते नाटक केलं. कॉलेजच्या मुलांनी मनापासून काम केलं. उजेड, पडदा, आवाज, सगळं चोख होतं. नळावरच्या भांडणाच्या प्रवेशात सासू सुनेच्या हंड्याला लाथ मारते, तिथे वस्तीत हसून हसून लोक एकमेकांच्या अंगावर पडायचे आणि पुढचं वाक्य ऐकूच यायचं नाही. इथे ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. लोक गंभीरपणे बघत होते. मध्यंतरात एक गृहस्थ मला म्हणाले, "फार महत्त्वाचं काम करताय तुम्ही." मी मान हलवली, बाहेर आले आणि दुसरा अंक बघायला आत गेले नाही.