चाळणीवरचा एसेकोन आणि कवटीचा तुकडा

नाव: एसेकोन. हुद्दा: हंगामी मजूर, चाळणी विभाग. वय: अंदाजे साठ. शिक्षण: निरंक. बौद्धिक कुवत: सूचना दिल्यास साधी कामे करतो.

शेरा डॉ. हाल्वर्सन यांचा. माणसाचा मेंदू कसकसा वाढत गेला, हे शोधायला ते तुर्काना तळ्याच्या पश्चिम काठावर आले होते. समोरच्या माणसाच्या मेंदूचं काम त्यांनी एका ओळीत उरकलं होतं.

छावणी मोडायचा दिवस होता. पंधरा लाख वर्षांपूर्वीची, तुकडे जोडून जुळवलेली कवटी दोन भागांत पेटीत बसली होती. मधलं अंतर साहेबांनी अंदाजाने ठरवलं होतं. दुपारी विमान. आणि सकाळीच एसेकोन मुकादम मुतिंडावर भडकला होता.

"टाकून दिला? मी चाळून काढलेला तुकडा?"

"साहेब म्हणाले, कासवाची पाठ आहे."

"कासवं खाऊन वाढलोय मी! मला कासव शिकवतो तो?"

त्याने टाकाऊ ढीग उपसला, दोन बोटं रुंदीचा तुकडा काढला आणि साहेबांच्या तंबूत जाऊन पेटीसमोर आपलं लाकडी बैठकं टाकून बसला.

"म्हातारबा, ऊठ. विमान थांबायचं नाही," मागोमाग आलेला मुतिंडा म्हणाला.

"मग जाऊ दे रिकामं! विचार त्याला, आतून हे ओहोळ कसले? मेंदूच्या शिरांचे वळ आहेत ते. जन्मभर बोकडाची डोकी फोडून खाल्लीत मी. कासवाला पाठीत मेंदू असतो का?"

मुतिंडाने यातलं निम्मंच भाषांतर करून साहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे समजावलं, की आपले पूर्वज टोळीने राहिले, एकमेकांकडून शिकले, म्हणून तर मेंदू वाढला असावा.

"मग शीक की!" एसेकोन ओरडला. मुतिंडाने हे भाषांतर खोकल्यात घालवलं, पण आवाजाला भाषांतर लागत नाही.

कटकट मिटवायला साहेबांनी पेटी उघडली. तुकडा लावून पाहिला. तो दोन्ही भागांच्या मधोमध बिनबोभाट बसला. अंतर रुंदावलं, मेंदूचं माप साडेसहाशे घन सेंटीमीटरवरून साडेसातशेवर गेलं.

"नशीब," साहेब म्हणाले.

"कुणाचं?" एसेकोनने विचारलं.

साहेबांनी वहीत नोंद केली: 'तुकडा फेरतपासणीत आढळून आला.'

कवटीचे एकूण तुकडे त्रेपन्न. त्यांतले एकेचाळीस एसेकोनने शोधलेले आहेत.