उहुदचे तिरंदाज आणि आमचे सर

सर गेले हे मला स्टेशनाबाहेरच्या पानवाल्याने सांगितलं. "तुमचे इस्माईल मास्तर गेले ना सकाळी!" मी त्याच्यावरच ओरडले, "काहीतरी बोलू नकोस!" महिना होत आला, अजून खरं वाटत नाही...

मी आणि माझा थोरला भाऊ बंडूदादा लहानपणी सरांच्या घरी इतिहास शिकायला जायचो. ते सांगायला लागले की अरबस्तान आपल्या कल्याणच्या खाडीपलीकडेच आहे असं वाटायचं! उहुदची लढाई तर अशी सांगितलेली की बस्स! पैगंबरसाहेबांनी टेकडीवर तिरंदाज बसवले आणि बजावलं, आम्ही जिंकताना दिसलो तरी जागा सोडू नका. शत्रू पळाला. तिरंदाजांना वाटलं, झालं! बहुतेक जण लूट गोळा करायला खाली धावले आणि मागून घोडेस्वार आले. हातातली लढाई गेली, खुद्द पैगंबरसाहेब जखमी झाले.

"त्या तिरंदाजांना शिक्षा काय दिली?" दादा तावातावाने.

"माफ केलं. वर अल्लाचा हुकूम आला, त्यांचा सल्ला घेत जा."

"सल्ला? मी असतो तर फटके दिले असते!"

"बरं झालं, सेनापती तू नव्हतास," सर म्हणाले. आम्ही हसून हसून लोळलो.

मग फाळणी झाली. सरांचे भाऊ कराचीला गेले. गावात रोज काहीबाही उठायचं, म्हणून आळीतल्या पोरांनी सरांच्या घरावर पहारा ठेवला. एका दुपारी दादाची पाळी होती. कुणीतरी ओरडत आलं, "सगळं मिटलं रे!" दादा आनंदाने चौकात पळाला... तेवढ्यात परसातून दगड आले. सरांच्या अम्मींचं कपाळ फुटलं.

दादा जेवेना, कुणाशी बोलेना. शेवटी सरच आमच्याकडे आले. दादा आतल्या खोलीत लपला. सर उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "बंडू, भाऊ कराचीला बोलावतायत. अम्मींची ट्रंक भरून झालीय. तुझा सल्ला हवाय. जाऊ की राहू?"

आतून दादा रडत रडत म्हणाला, "नका ना जाऊ, सर."

"बरं," सर म्हणाले. घरी जाऊन त्यांनी ट्रंक रिकामी केली.

परवा संध्याकाळी मी तिकडे गेलेले. सरांच्या बायको, आमच्या खाला, आता घरात एकट्याच. ओट्यावर दादा बसलेला, ऑफिसातून परस्पर आलेला. रोजच येतो म्हणे! मी म्हटलं, "अरे चल ना, आई जेवायला थांबलीय."

त्याने आत बघितलं. खाला नमाज पढत होत्या.

"त्यांचं होऊ दे," म्हणाला.