आयोगाचा कागद

बायको जाऊन अडीच वर्षं झाली. शेवटचे दोन दिवस दवाखान्यानं तिला व्हरांड्यात नुसत्या फरशीवर ठेवलं. मी विचारायला गेलो तर मलाच बाहेर काढलं. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून मानवी हक्क आयोगाला अर्ज मुलीनं लिहिला. पैसे नकोत म्हटलं. चूक झाली, एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्यावं.

अर्ज केल्यावर दोन वर्षांनी आयोगाचे साहेब सुनावणीला सोलापुरात आले. मला वाटलं, मोठी गाडी येईल. साहेब एसटीनं आले, बरोबर टायपिंगच्या एक बाई. गाडीला डिझेल मंजूर नाही आणि माणसं भरायला सरकार पैसा देत नाही, हे बाईंनीच सांगितलं.

एवढा माणूस आपल्यासाठी एसटीत धक्के खात येतो, तर रिकाम्या हातानं कसं जायचं? आमच्यात पाहुण्याला टॉवेल, टोपी, नारळ देतात. जन्मभर मी मागावर टॉवेलच विणले. त्यातला जाडजूड एक काढला आणि नाव पुकारल्याबरोबर साहेबांच्या खांद्यावर टाकला, टोपी आणि नारळ पुढ्यात ठेवला.

साहेब विंचू चावल्यासारखे उठले. "तक्रारदाराकडून भेट घेता येत नाही. बाई, नोंद करा."

"साहेब, टॉवेल हाय त्यो. लाच न्हाय."

"तेच लिहावं लागेल."

मग लिहिलं. टॉवेलाचा रंग, लांबी, नारळ सोललेला की कसा. टोपी वेगळी धरायची का, यावर दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी बाईंनी पिशवी चाचपली. "सर, कागद संपले."

"आन् माझी बायको?" मी म्हणालो.

बाईंनी रिकामी पिशवी उलटी करून दाखवली.

"पाठीमागं लिवा की."

"रेकॉर्डच्या पाठीमागं लिहीत नाहीत, आजोबा."

"मग मी आणतो. कोपऱ्यावर दुकान हाय."

बाई म्हणाल्या, "तीही भेटच होईल. पुन्हा नोंद करावी लागेल."

"कशावर?"

साहेबांना हसू आलं. त्यांनी त्याच टॉवेलानं चष्मा पुसला आणि लक्षात आल्यावर पटकन खाली ठेवला. मग म्हणाले, "बोला तुम्ही. ऐकायला कागद लागत नाही."

मी बोललो. फरशी किती गार होती, ती काय काय म्हणत होती, सगळं. शेवटी साहेब म्हणाले, "चूक झाली. हे मी लेखी पाठवीन."

"कधी?"

"वरून खर्च मंजूर झाला की."

घरी आलो आणि मुलीला दुसरा अर्ज लिहायला बसवलं, थेट सरकारला. आयोगाला गाडी द्या, माणसं द्या, कागद तर आधी द्या.

मुलगी म्हणाली, "बाबा, तक्रार आपली आईची. त्यांचं गाऱ्हाणं आपण कशाला मांडायचं?"

"लिही म्हणतो न्हवं. त्यांना कागद मिळाल्याबिगर तुझ्या आईचा निघत न्हाय."